सप बोर्ड रिव्ह्यू: हिप्परग्याच्या तळ्यावर एक नंबर, पण लाटांत न्यायच्या आधी हे वाचाच

हवा भरायचा सप बोर्ड सोलापुरात घ्यावा का, असं सध्या बरेच जण विचारतायत, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांना माहिती नाय त्यांच्यासाठी, सप म्हणजे स्टँड-अप पॅडलबोर्ड, मोठ्या फळीवर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्यानं म्हणजे पॅडलनं पाणी मागं ढकलत पुढं जायचं. ब्रँडचं नाव घेत नाय, कारण या मापाचे बोर्ड सगळीकडं जवळपास सारखेच मिळतात आणि मी सांगतोय ते सगळ्यांनाच लागू आहे. तळ्यासाठी घेत असाल तर डोळे झाकून घ्या. समुद्रावर लाटांत घालायचा विचार असेल तर मात्र बोर्डाबरोबर दुसऱ्यांच्यात कसं वागायचं हेही शिकून घ्यावं लागतंय आणि ते डब्यातल्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतंय.

माझा बोर्ड साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद आणि ६ इंच जाड आहे. सोबत हातपंप, तीन तुकड्यांचं पॅडल, स्प्रिंगसारखी गुंडाळी असलेली लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी), खाली लावायचा माशाच्या परासारखा एक मोठा फिन आणि पाठीवर घ्यायची बॅग एवढं येतंय. बोर्डाच्या आतमध्ये वरच्या आणि खालच्या कापडाला हजारो धाग्यांनी एकमेकांना जोडलेलं असतंय, त्यामुळं १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली की फुग्यासारखा गोल न होता सपाट आणि कडक राहतोय. हवा कमी भरली तर मधे वाकतोय आणि तोल जातोय, त्यामुळं हात दुखले तरी पूर्ण भरा. शेवटचे चार-पाच पीएसआय भरतानाच खरा घाम निघतोय, गाडीच्या सॉकेटवर चालणारा इलेक्ट्रिक पंप घेतला तर पैसे वसूल.

हिप्परग्याच्या तळ्यावर सकाळी वारा नसताना हा बोर्ड म्हणजे सुख आहे. ३२ इंच रुंदीमुळं नवशिकासुद्धा पहिल्या दिवशी उभा राहतोय, माझी मामेबहीण तर अर्ध्या तासात पलीकडच्या झाडीपर्यंत जाऊन आली. पक्षी जवळून दिसतात, पोटाचा-पाठीचा व्यायाम होतोय. तळ्यावर उतरायला परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या, पिण्याच्या पाण्याचा साठा असतोय तिथं उगाच वाद नको. उजनीच्या बॅकवॉटरला नेणार असाल तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाय. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला, हे आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाय. बॅकवॉटर शांत दिसतंय पण उन्हाळ्यात दुपारनंतर वावटळ उठली की दहा मिनिटांत पाणी बदलतंय आणि हवेचा बोर्ड हलका असल्यानं वारा त्याला ओढतच नेतोय. अजून एक, सोलापूरच्या ४२-४३ डिग्रीच्या उन्हात भरलेला बोर्ड काठावर तापत ठेवू नका, आतली हवा तापून प्रेशर वाढतंय आणि शिवण उकलायची भीती असते. सावलीत ठेवा नायतर थोडी हवा सोडा.

इथपर्यंत बोर्डाला नाव ठेवायला जागा नाय. आता समुद्राचं.

सोलापूरकरांना समुद्र लांब वाटतोय पण आपल्या दारातून जाणारा ५२ नंबरचा हायवे विजापूर, हुबळी, यल्लापूर करत अरबैल घाट उतरून थेट अंकोल्याला संपतो आणि तिथून गोकर्ण अगदी जवळ. बोर्ड घडी करून डिकीत मावतोय, हा हवेच्या बोर्डाचा सगळ्यात मोठा फायदा, टपावर काही बांधायला लागत नाय. आणि इथंच गडबड सुरू होते बघा. तळ्यावर महिनाभर सराव झालेला माणूस कॉन्फिडन्सनं जातो, गाडीतून बोर्ड काढतो, हवा भरतो आणि पाच-सात सर्फर जिथं लाटेची वाट बघत बसलेत बरोबर त्यांच्या मधे जाऊन उभा राहतो. त्याला पॅडल मारायला येतंय हे खरं, पण लाट कुणाची, कुठून आत जायचं, पडायचं कसं, यातलं त्याला काही ठाऊक नसतंय, कारण तळ्यावर त्याची गरजच पडत नाय.

साधा सर्फर छोट्या फळीवर पोटावर झोपून हातानं पाणी कापतो, त्याला लाट पकडायला ती जवळपास फुटायच्या बेतात आल्यावरच जमतंय, त्यामुळं तो किनाऱ्याच्या जास्त जवळ थांबतो. सपवाला उभा असतोय म्हणून लांबून येणारी लाट त्याला आधी दिसते, हातात पॅडल असतंय म्हणून वेग जास्त, आणि बोर्ड एवढा मोठा की लाट अजून नुसता उंचवटा असतानाच ती त्याला उचलते. म्हणजे तो सगळ्यांच्या बाहेर, समुद्राच्या बाजूला थांबून प्रत्येक लाट सगळ्यांच्या आधी पकडू शकतोय. मनात वाईट नसलं तरी असं तासभर चाललं की किनाऱ्याच्या बाजूला बसलेल्यांच्या वाट्याला काहीच येत नाय. २००० नंतर हवाईतल्या लेअर्ड हॅमिल्टनसारख्या नावाजलेल्या सर्फरनी सप पुन्हा लोकांपुढं आणला आणि तो जगभर पसरला, तेव्हापासून सर्फर आणि सपवाले यांच्यातल्या भांडणाचं मूळ हेच आहे. सर्फरचा राग फळीवर नसतोय, सगळ्या लाटा एकानंच नेल्या याचा असतोय.

मूळ नियम एकच आहे आणि तो जगभर सारखा. लाट जिथून फुटायला लागते त्या जागेच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याची लाट. दुसऱ्यानं तिच्यावर चढायचं नाय, चढलेला असेल तर मागं फिरायचं. कुणी लाटेवर असताना त्याच्या पुढ्यात उतरणं म्हणजे ड्रॉप इन, आणि यात नुसता अपमान नाय तर सरळ सरळ धोका आहे, कारण मागून येणाऱ्याला थांबता येत नाय. आणि बाहेरून वळसा घालून मुद्दाम त्याच्या आतल्या, म्हणजे लाट फुटतेय त्या बाजूला शिरायचं, म्हणजे नियमाप्रमाणं आपण जवळचे ठरलो असं दाखवायचं, त्याला स्नेकिंग म्हणतात. सपवाल्याला हे पॅडलच्या दोन फटक्यात जमतंय म्हणूनच त्यानं हे अजिबात करायचं नाय. आपल्याकडं टँकर आल्यावर घागरींची रांग लागते तेव्हा ज्याच्याकडं मोठा ड्रम आहे त्याचा नंबर आधी येत नाय ना, तसंच. मोठा बोर्ड म्हणजे पहिला नंबर नव्हे.

एकच लाट दोघांना चालते, जर ती मधून फुटून एक डावीकडं आणि एक उजवीकडं जात असेल तर. डावं-उजवं हे किनाऱ्याकडं तोंड करून, म्हणजे लाटेवर चढलेल्याच्या बाजूनं मोजायचं, किनाऱ्यावरून बघणाऱ्याच्या बाजूनं नाय. मोठ्यानं 'लेफ्ट' किंवा 'राइट' ओरडून सांगायचं. गोकर्णला कन्नड, हिंदी, इंग्रजी सगळं चालतंय, पण आपल्याला अक्कलकोटकडच्या पाव्हण्यांमुळं थोडं कन्नड येत असतंय त्याचा इथं उपयोग करा. 'अण्णा, नीवु होगि' म्हणजे 'दादा, तुम्ही जा' म्हणून लाट सोडली की समोरचा हसतो आणि पुढच्या वेळी तो आपल्याला सोडतो. हे मी स्वतः बघितलंय, आधी कपाळाला आठी घालून बघणारी पोरं दोन लाटा सोडल्यावर कुठं थांबायचं ते आपणहून दाखवायला लागली.

माझं मत स्पष्ट आहे, सपवाल्यानं नियमापेक्षा जास्त द्यायला पाहिजे. नियमानं लाट आपली असली तरी एक घ्यायची आणि पुढच्या दोन-तीन सोडायच्या. गर्दी असेल तर त्या जागी थांबायचंच नाय, शंभर-दोनशे मीटर बाजूला जायचं, तिथं लाट मऊ आणि कमी उंचीची असली तरी आपल्या बोर्डाला तेवढी पुरते. छोट्या फळीवाल्याला ती लाट उचलतच नाय, म्हणजे तिथं कुणाच्या वाट्याचं आपण घेतलं असंही होत नाय. मोठ्या बोर्डाचा खरा फायदा हा आहे, की जी लाट कुणालाच नको ती आपल्याला चालते.

आत जायचा रस्ताही शिकून घ्यावा लागतोय. लाटा फुटतायत तिथून सरळ आत घुसायचं नाय, बाजूनं जिथं पाणी कमी फुटतंय तिथून वळसा घालून जायचं. त्यासाठी पाण्यात उतरायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं किनाऱ्यावर नुसतं बसून बघा, लाटा गटागटानं येतात, मोठ्या तीन-चार आल्या की मधे थोडी शांतता असते, त्या शांततेत निघायचं. जिथं कमी फुटतंय तिथं बऱ्याचदा पाणी परत समुद्रात ओढलं जात असतंय, सर्फर त्याचाच उपयोग करून बाहेर जातात, पण नवशिक्यानं तिथं एकट्यानं जाऊ नये. आणि आत जाताना समोरून कुणी लाटेवरून आलंच, तर त्याच्या पुढं पळायचा प्रयत्न करायचा नाय, तो जिकडं चाललाय त्याच्या मागच्या बाजूला म्हणजे फेसाकडं आपला बोर्ड वळवायचा. फेस अंगावर येतोय, मार बसतोय, पडायला होतंय, तरी तिकडंच जायचं, कारण लाटेची चांगली मोकळी भिंत, म्हणजे अजून न फुटलेला भाग, त्याचा आहे. छोट्या फळीवाला लाटेखालून बुडी मारून निघतो, आपल्या ३०० लिटर हवेच्या बोर्डाला कुणीच बुडवू शकत नाय, म्हणून वळसा घालणं आपल्याला जास्त गरजेचं.

आता सेटमधल्या वस्तूंबद्दल, कारण शेवटी हा रिव्ह्यू आहे. आधी लीश. सोबत येणारी गुंडाळीवाली लीश सपाट पाण्यासाठी आहे, ती पाण्यात ओढत नाय, गवतात अडकत नाय, तळ्यावर उत्तम. लाटांत मात्र ती ताणली जाऊन सुटली की बोर्ड परत तुमच्याच अंगावर झेपावतो. लाटांसाठी सरळ, जाड, बोर्डाच्या लांबीएवढी लीश वेगळी घ्या. आणि लीश आहे म्हणून बोर्ड सोडून द्यायचा असं अजिबात नाय. हिशोब करा, १० फुटांची लीश आणि साडेदहा फुटांचा बोर्ड, म्हणजे तुमच्या भोवती २० फुटांपर्यंत कुणालाही फटका बसू शकतोय. लाट आली की घाबरून बोर्ड सोडून पाण्यात उडी मारणं हा सपवाल्यांचा सगळ्यात वाईट दोष, मागं लहान मूल असलं तर काय होईल याचा विचार करा. मागं बघा, कुणी असेल तर बोर्ड शेपटाकडून किंवा हँडलला धरून ठेवा. बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मधे नको, लाट तो उचलून तोंडावरच आपटते. पडायचंच असेल तर समुद्राच्या बाजूला, सपाट पडा, उथळ पाण्यात डोकं खाली करून उडी नको, वर येताना एक हात डोक्यावर.

वाट बघताना उभं राहू नका, गुडघ्यावर किंवा बसून थांबा. उभं राहिलं की दर दोन मिनिटांनी तोल जातोय आणि शेजारचा दचकतोय, शिवाय त्याला समोरचं दिसत नाय.

फिन हा दुसरा मुद्दा. सोबत आलेला मोठा मधला फिन साधारण ९ इंचाचा, तळ्यावर सरळ जायला मदत करतो. समुद्रावर उथळ वाळूत तो टेकतो आणि बोर्ड थांबतो, तुम्ही पुढं उडता. छोटा फिन वेगळा मिळतो, तो लावा. प्लॅस्टिकचा असला तरी फिनच्या कडेनं पाय चांगलाच कापू शकतोय, गर्दीत न जायचं हेही एक कारण. पॅडल तळ्यासाठी डोक्यापेक्षा ८-१० इंच वर ठेवतात, लाटांत थोडं आखूड करा, गुडघे वाकवून खाली राहिलं की ताबा राहतो. आमच्या सेटमधल्या पॅडलचा जोड खारं पाणी लागल्यावर घट्ट अडकतोय, वापर झाला की गोड्या पाण्यानं धुवा नायतर पुढच्या वेळी उघडत नाय. कंपनीच्या कस्टमर केअरला याबद्दल विचारलं तर उत्तरच आलं नाय, त्याचे मार्क कापतोय.

बोर्ड म्हणून लाटांत कसा आहे ते पण खरं सांगतो. मध्यम. ६ इंच जाड असल्यानं पाण्याच्या वर खूप राहतो, कडा गोल असल्यानं लाटेच्या भिंतीत धरत नाय, वळायला मोठी जागा लागते, आणि आडवा झाला की फेस त्याला किनाऱ्यापर्यंत घरंगळत नेतो. म्हणजे ज्याला पटकन वळता येत नाय आणि थांबताही येत नाय असा हा बोर्ड. त्यामुळंच तो घेऊन गर्दीत जाणाऱ्याची जबाबदारी जास्त. कमरेएवढ्या, मऊ, मोकळ्या लाटांवर मात्र तो इतका छान घसरतो की तिथून घरी यावंसं वाटत नाय, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत तसे दिवस मिळतात. जून ते सप्टेंबर त्या किनाऱ्यावर शिकाऊ माणसानं उतरायचंच नाय.

गोकर्णला मी एका सर्फ स्कूलमध्ये सपचा क्लास लावला होता आणि माझ्या मते बोर्डापेक्षा तिथं घातलेले पैसे जास्त सार्थकी लागले. शिकवणाऱ्यानं पहिला पाऊण तास पाण्यात जाऊच दिलं नाय, वाळूत काठीनं लाट काढून, शिंपले माणसं म्हणून ठेवून, कुणाची लाट ते प्रत्येकाकडून वदवून घेतलं. ज्याला सांगता येईना त्याला फेसातच ठेवलं, बाहेर नेलंच नाय. काही जण वैतागले, पैसे भरलेत म्हणाले, तरी तो ठाम राहिला. त्याच दिवशी थोड्या अंतरावर दुसरीकडून भाड्यानं बोर्ड घेतलेला एक टूरिस्ट कुणालाही न विचारता फुटणाऱ्या लाटेवर आडवा गेला, समोरून गावातला बारा-तेरा वर्षांचा पोरगा येत होता, पोरानं फळी फिरवून स्वतःला वाचवलं म्हणून ठीक. भाड्यानं बोर्ड देणाऱ्यानं दोन वाक्यं जरी सांगितली असती तर ते टळलं असतं. म्हणून क्लास निवडताना पैशाच्या आधी हे विचारा की वाळूवर काय शिकवणार, एकाच्या हाताखाली किती जण, आणि सर्फरच्या जागेपासून लांब शिकवता का. 'या, लगेच उभं करतो' म्हणणाऱ्याकडं जाऊ नका.

कोळी बांधवांबद्दल वेगळं सांगायला पाहिजे, कारण या विषयावर कुणी बोलत नाय. त्या किनाऱ्यावर रांपणी लावतात, म्हणजे होडीनं मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. जाळं टाकायला लागले की त्या पट्ट्यातून बाहेर या, लाट कितीही सुंदर असू दे. त्यांचं पोट आहे ते. पोहणारे, पाण्यात खेळणारी लेकरं दिसली तरी तिकडं बोर्ड न्यायचा नाय.

सप नेमका कुणाचा खेळ, यावर मोठ्या संघटनांचं पण भांडण झालंय. होडीवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना म्हणत होती पॅडल आहे म्हणजे आमचा, सर्फवाल्यांची म्हणत होती आमचा, शेवटी २०२० मध्ये क्रीडा लवादानं ऑलिंपिकच्या पातळीवर सप सर्फवाल्यांकडं दिला. मला तो निकाल बरोबर वाटतोय, कारण लाटांत गेलो की सर्फरचेच नियम पाळावे लागतात, पॅडल हातात आहे म्हणून वेगळी सवलत नाय. आपल्या देशात मंगळूरजवळच्या मुल्कीची तन्वी जगदीश पहिली महिला सप सर्फर म्हणून ओळखली जाते, आणि मार्च २०२४ मध्ये मंगळूरच्या ससिहितलू बीचवर जागतिक सप टूरची स्पर्धा झाली. म्हणजे आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर एवढं सगळं चाललंय आणि सोलापूरची पोरं त्यात उतरू शकतात, तळ्यावर तोल आणि दम तयार करायला आपल्याकडं पाणी आहे.

मार्क देतो. तळ्यासाठी ५ पैकी साडेचार, अर्धा कापला तो पॅडलच्या जोडाला आणि कस्टमर केअरला. लाटांसाठी ५ पैकी अडीच, सरळ लीश आणि छोटा फिन घेतला तर तीन. सोबतच्या पुस्तिकेत पंप कसा लावायचा याची चित्रं सहा भाषांत आहेत, पण दुसऱ्याच्या लाटेवर चढू नका हे एकाही भाषेत नाय, निदान एक पान कंपन्यांनी घालायला पाहिजे, मी तसं लिहून कळवलंय. सोलापुरातून कुणी पहिल्यांदा गोकर्णला बोर्ड घेऊन निघत असेल तर सरळ लीश इथूनच ऑनलाइन मागवून घ्या, तिकडं मापाची मिळेलच असं नाय, आणि मागवताना बोर्डाची लांबी बघून १० फुटांची घ्या, ८ ची स्वस्त दिसते पण ती आपल्या बोर्डाला आखूड पडते.